पान दोन, खाली डावीकडे

साडेचारला गठ्ठे येतात.
बाबा पायरीवर उकिडवे बसून
प्लॅस्टिकची पट्टी कापतात, कागदाला पातं न लावता.
त्या वेळी साउथ शील्ड्समध्ये जागे असतो
आम्ही, सीगल पक्षी,
आणि नदीच्या तोंडाशी भरतीची वाट बघणारं एखादं जहाज.
आजोबा असल्याच जहाजाच्या पोटात
कोळसा लोटत आले होते, एडनहून.
इथल्याच मातीत आहेत.
हे कधी छापून आलं नाही, यायचं कारणही नाही.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी
सगळ्यात वरच्या अंकावर होतं:
मशिदीने विझवले नाताळचे दिवे?

प्रश्नचिन्ह बघा.
ध चा मा करायला निदान लेखणी झिजवावी लागते.
इथे शेवटी नुसता एक आकडा टांगला
आणि त्यालाच हात पुसले.

घडलं होतं ते एवढंच:
समुद्राचं पाणी फ्यूजच्या पेटीत शिरलं,
नगरपालिकेने रस्त्याची वीज तोडली.
पेटी मशिदीच्या भिंतीला लागून आहे.

'मशिदीची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.'
फोन आला सहाला. इशाची जमात उभी होती.
चपलांच्या मांडणीशेजारी तो वाजत राहिला
आणि मागे रेंगाळलेल्या मिकाईलने उचलला, वय वर्षं सहा.
त्याने सांगितलं, माझा दात हलतोय.
ते छापलं नाही.

बाबांनी अंक मांडले रोजच्यासारखे,
मथळा रस्त्याकडे.
मी म्हटलं, उलटे ठेवा ना, खेळाचं पान वर.
म्हणाले, गिऱ्हाइकाने काय वाचावं ते दुकानदाराने ठरवू नये.
थोड्या वेळाने म्हणाले, अंकामागे बारा पेन्स सुटतात.
यातलं खरं कारण कुठलं
ते मी अजून विचारलेलं नाही.

मिसेस रिडली नाणी मोजताना म्हणाल्या,
'हे काही तुमच्याबद्दल नाही हं, मुकबिल.'
बाबांनी सुटे परत दिले.

गुरुवारी रात्री कुणीतरी
आमच्या दुकानावरची दिव्यांची माळ ओढून तोडली.
लाल, हिरवी, एक बल्ब कायमचा गेलेला.
एकोणीस वर्षं, दर डिसेंबरला
शिडीवर चढून बाबाच ती लावतात.
सकाळी काचा झाडल्या त्यांनी,
मग गठ्ठे फोडले.

तक्रार मी लिहिली. बाबांना न सांगता.
संपादकांचं उत्तर आलं:
मथळा प्रश्नार्थक असल्यामुळे ते विधान ठरत नाही.
म्हणजे मीही विचारू शकते,
संपादक आपल्या आईला जेवायला घालत नाहीत?
लिहिलं होतं तसं. पाठवण्याआधी खोडलं.
त्यांना आई असेल, आणि ती पेपर वाचत असेल.

अकरा आठवड्यांनी दुरुस्ती आली.
पान दोन, खाली डावीकडे,
भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाच्या पायाशी.
मी शाळेतली पट्टी लावून बघितली:
मथळ्याचं एक अक्षर सहा सेंटिमीटर,
दुरुस्ती सगळी मिळून चार.

'सदर प्रकाराशी मशिदीचा संबंध नव्हता,
असे स्पष्ट करण्यात येत आहे.'
कोण करतंय, ते वाक्यात नाही.
कर्मणी प्रयोगात माणसाला लपायला
बरीच जागा असते.

त्या दिवशीही गठ्ठे साडेचारलाच आले.
बाबांनी मांडले. मिसेस रिडली आल्या,
कोड्यासाठी पेन मागितलं,
म्हणाल्या, 'काही विशेष आज?'

बाबांनी पान दोन उघडलं.
त्यांचं बोट स्तंभावरून खाली खाली गेलं
आणि दुरुस्तीच्या एक ओळ वर थांबलं.

'भरती,' ते म्हणाले,
'दोन वाजून दहाला.'